कात्री सटवाईनं नेली

आमच्या नर्सबाईंना प्रत्यक्ष देव भेटला असता, तरी नमस्कार करायच्या आधी त्यांनी त्याची नखं पाहिली असती. ती वाढलेली दिसली असती तर त्याला तिथंच ओट्यावर बसवून नखं काढली असती, हात साबणानं धुवून घेतले असते आणि मग वर मागितला असता. वर तरी कसला, तर आणखी एक साबणाची वडी. हे मी वाढवून सांगतो असं कुणाला वाटेल, पण आमची शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या बाबतीत हे जवळजवळ असंच घडलं आहे. साहेब मुलांना भूगोल विचारत होते. बाई माझ्याकडे काडेपेटी मागायला आल्या आणि त्यांची नजर साहेबांच्या करंगळीवर पडली. साहेबांनी ते नख मोठ्या हौसेनं वाढवलेलं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "या नखाखाली काय काय असतं ते मुलांना सांगू का साहेब? तुम्ही आहातच समोर, तर दाखवूनच सांगते." साहेबांनी तो हात खिशात घातला तो जेवायच्या वेळीच बाहेर काढला. त्या वर्षी माझ्या शाळेला शेरा मिळाला, 'भूगोल कच्चा, स्वच्छता उत्तम.'

मी मूळचा धरणगावचा. मास्तरकीच्या नोकरीत माझी नेमणूक शिंदखेड्यापासून आठ मैलांवरच्या एका गावात झाली, तेव्हा बाईंना तिथं येऊन दोन वर्षं झाली होती. गावाच्या टोकाला सरकारनं एकाच छपराखाली तीन खोल्या बांधल्या होत्या. एकीत शाळा, मधलीत मास्तर आणि तिसरीत नर्सबाईंचं केंद्र व संसार. भिंती छपरापर्यंत पोचायच्या आतच सरकारचा हुरूप संपला असावा, कारण वर हातभर जागा मोकळीच होती. त्यामुळे मी शाळेत पाढे घ्यायला लागलो की दोन खोल्यांपलीकडून बाई माझ्या चुका सुधारायच्या, आणि बाई एखाद्या बाईला न विचारण्यासारखं काही विचारायला लागल्या की मला मुलांकडून मोठ्यानं कविता म्हणून घ्यावी लागे. अंगानं काटकुळ्या, निळ्या काठाचं पांढरं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, काखेत काळी छत्री आणि खांद्याला पिशवी, अशा थाटात बाई आजूबाजूची अकरा गावं पालथी घालत. वाटेत बैलगाडी भेटली तर बसत, पण बसण्याआधी गाडीवानाची नखं बघत. उन्हाळ्यात त्यांना लांबून येताना पाहूनच गाडीवान मुठी मिटून घ्यायचे.

दुसरं वेड उकळण्याचं. बाईंच्या खोलीत पंपाचा स्टोव्ह पहाटेपासून फरफरत असे आणि त्यावरच्या पातेल्यात कधी काय असेल याचा नेम नसे. चमचे, फण्या, लंगोट, कुलपाची किल्ली, सगळं त्या पातेल्यातून पावन होऊन निघायचं. विचार करताना पेनचं टोक दातांत धरायची मला सवय आहे. एकदा हजेरी मांडता मांडता पेन त्यांच्या ओट्यावर विसरलो, तर संध्याकाळी त्यांनी ते पांढऱ्या फडक्यात गुंडाळून परत आणून दिलं. "दहा मिनिटं उकळलंय," त्या म्हणाल्या, "आता खुशाल तोंडात घाला." घालता तर आलं, पण त्यानं लिहिता मात्र पुन्हा कधी आलं नाही. गावात एक म्हणच पडून गेली होती, "बाईस्ना हातमा मानूस सापडना तं त्यालेबी उकाळी काढतीन."

आणि तिसरी गोष्ट म्हणजे, बाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, वजनं राहत. त्यांच्या हातून जन्मलेलं प्रत्येक मूल सरकारी काट्यावर तोललेलं असायचं आणि तो आकडा त्यांच्या डोक्यात कायमचा कोरला जायचा. शाळेसमोरून जाताना त्या खिडकीतून डोकावून म्हणायच्या, "मास्तर, त्या पावणेपाच पौंडाला पुढे बसवा, त्याला फळा दिसत नाही." मोठ्या माणसांनाही सूट नव्हती. बाजाराच्या दिवशी एका धिप्पाड गड्याला त्यांनी सगळ्यांदेखत, "तू तर आठ पौंडाचा बाप ना रे?" असं विचारलं, तेव्हा तो पैलवान गडी नव्या नवरीसारखा लाजला होता. पण धाकट्या पोरांना त्या आकड्यांचा अभिमान होता. "मी साडेसहा, तू सवापाच," यावरून माझ्या वर्गात मारामाऱ्या होत.

पण या सगळ्या वेडांच्या मुळाशी एक गोष्ट होती आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. बाई आल्या तेव्हा त्या भागात जन्मलेलं मूल आठ दिवस ठणठणीत असायचं आणि मग एकाएकी दूध ओढेनासं व्हायचं. दातखीळ बसायची आणि दोन दिवसांत सगळं आटपायचं. लोक म्हणत, बाहेरचं झालं. बाई म्हणत, विळ्याचं झालं. नाळ विळ्यानं कापायची, तो विळा आदल्या दिवशी कडबा तोडून आलेला असायचा. गावची सुईण होती मथरामाय, सत्तरीची, पाठीत वाकलेली आणि जिभेनं ताठ. तिनं बाईंना पहिल्याच भेटीत आपला विळा दाखवून सांगितलं, "निम्मं गाव ह्याच इळावर जलमनं शे, बाई."

"आणि उरलेलं निम्मं कुठं गेलं, मथरामाय?" बाईंनी विचारलं.

त्यावर मथरामायनं चार महिने अबोला धरला. अबोला सुटला तो अर्थात एका अवघड बाळंतपणात, दोघींचे हात एकमेकींना लागले तेव्हा. त्यानंतर हात किती वेळ धुवायचे हा वादही मिटला. घड्याळ मथरामायला कळत नव्हतं, म्हणून जात्यावरची एक ओवी पुरी होईपर्यंत धुवायचे असं ठरलं. ओव्या मात्र मथरामाय लहान लहान निवडत असे.

विळा सुटला आणि बाईंच्या हातातली सरकारी कात्री आली. इथंच खरी गंमत सुरू होते. आमच्याकडे ज्या हत्यारानं नाळ कापली ते बाळाच्या उशाखाली ठेवायचं, पाचवीला त्याची हळदकुंकू लावून पूजा करायची आणि मगच ते हलवायचं अशी रीत. विळ्याचं ठीक होतं, तो घरचाच. पण बाईंकडे कात्री एक, आणि त्या पहिल्या बाळंतिणीच्या सासूनं ती बाळाच्या उशाखाली सरकवून वर हात ठेवला. "पाचवी व्हई जाऊ द्या बाई. कातर दिखनी नही तं सटवाई पोऱ्यानं भाळ कसं लिखी?"

"सटवाई काय कात्रीनं लिहिते?"

"ते माले मालूम नही. पन कातर लागस."

बाई हात हलवत परत आल्या आणि दुसऱ्या कात्रीसाठी त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. वरून विचारणा आली की, पहिल्या कात्रीचे काय झाले याचा खुलासा करावा. बाईंना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, 'सदर कात्री प्रसूत महिलेच्या अपत्याच्या उशाखाली असून पाचवी झाल्यावर ताब्यात येईल.' त्यावर उत्तर आलं, 'पाचवी म्हणजे कोणत्या महिन्याची पाच तारीख, हे स्पष्ट करावे.' बाईंनी कपाळाला हात लावला आणि पुढल्या खेपेला धुळ्याहून पदरच्या पैशानं एक साधी कात्री आणली. तर ती कुणाला चालेना. कारण तोवर बायकांनी एक भलताच शोध लावला होता. पाणवठ्यावर मथरामायच सगळ्यांना सांगत होती, "ती सरकारी कातर शे. तिनावर सरकारना शिक्का शे. तिनावर जलमना तो पोऱ्या सरकारी नोकरीमाच जाई."

हे ऐकून बाई इतक्या संतापल्या की त्या दिवशी त्यांनी पातेलंच पातेल्यात उकळलं असतं. तीन वर्षं त्या घसा फोडून साबण आणि उकळतं पाणी सांगत होत्या, ते कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, आणि आता शिक्क्यासाठी बायका आठव्या महिन्यातच नाव नोंदवायला येत होत्या. विळे कोनाड्यात गेले. गावातल्या मारवाडी शेठजींची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तेही टोपी सावरत हजर झाले. बाई म्हणाल्या, "शेठजी, तुमच्या नातवाला कशाला हवी नोकरी?" शेठजी हात जोडून म्हणाले, "नोकरी नको बाई, पण सरकारी कात्री लागली तर परमिटचं काम तरी अडणार नाही." बाई त्यानंतर थोड्या निवळल्या. मला म्हणाल्या, "जाऊ द्या मास्तर. श्रेय शिक्क्याला मिळू दे, मूल आईला मिळतंय ना."

शेवटी मथरामायनंच तोड काढली. कात्री बाईंकडे राहील, पण पाचवीच्या पूजेला बाईंनी ती स्वतः घेऊन यायची, हळदकुंकू होऊ द्यायचं आणि मग परत न्यायची. बाईंनी खूप कुरकुर केली, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. एरवी बाळंतिणीच्या खोलीत नर्सला कुणी शिरू देत नसे. आता पाचव्या दिवशी कात्री सोबत घेऊन त्या राजरोस आत जात, बाळाची बेंबी बघत, आईचा ताप बघत आणि पूजा आटोपली की हळदकुंकवानं माखलेली कात्री घेऊन स्टोव्हकडे परतत. सटवाईवर विश्वास नसलेली ही बाई अकरा गावांतली एकही पाचवी चुकवत नसे. माझ्या पाहण्यात पुढं त्यांच्या हातचं एकही मूल आठव्या दिवशी गेलं नाही.

हे सगळं करणाऱ्या बाईंना मनातून मात्र तिथून जायचं होतं. त्या धुळ्याच्या. नवरा लवकर गेला, पदरी एक मुलगी. नर्सची नोकरी लागली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती आणि बाई महिन्यातले वीस दिवस पायी फिरतीवर, म्हणून मुलगी धुळ्याला आजीजवळ, बाईंच्या आईजवळ, राहिली. बाई महिना-दोन महिन्यांनी एकदा जाऊन येत. पावसाळ्यात वाट तुटली की तेही नाही. दरवर्षी उन्हाळ्यात त्या माझ्यासमोर पाटावर बसून बदलीचा अर्ज सांगत, आणि मागणी दरवर्षी एकच, सोनगीर. सोनगीर हमरस्त्यावर, तिथून धुळ्याला सारख्या एस.टी. "रोज संध्याकाळी घरी जाता येईल," त्या म्हणत. एरवी कडक बोलणाऱ्या बाईंचा आवाज तेवढ्या वाक्याला मऊ व्हायचा. एकदा अर्ज सांगता सांगता थांबून म्हणाल्या, "मुलगी आठवीत गेली, मास्तर. मी गेले की पाहुणीला द्यावं तसं तांब्याभांडं आणून ठेवते. फार शहाणी झालीये." मी मान खाली घालून 'सविनय' लिहीत राहिलो.

आणि एके दिवशी बदलीचा हुकूम आला. सोनगीरच. पंधरा दिवसांत तिथं हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्या कुणाला. त्या दिवशी बाईंनी टपालवाल्याची नखं पाहिली नाहीत. हुकूम त्यांनी मला तीनदा वाचायला लावला आणि चौथ्यांदा स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला. भिंतीवरून तो शाळेत ऐकू गेला, आणि संध्याकाळपर्यंत अकरा गावांत. आमच्या गावावर तर सुतककळा पसरली, कारण बाईंच्या जागी दुसरी कुणी येणार असं हुकमात कुठंच नव्हतं. त्याच संध्याकाळी एका घरी पाचवी होती. पाटावर कात्री ठेवली, हळदकुंकू झालं, बायकांनी बाळाला हात लावायला गर्दी केली आणि गर्दी पांगली तेव्हा पाटावर कात्री नव्हती.

"कातर सटवाई ली गई, बाई," घरची म्हातारी गंभीरपणे म्हणाली. "आम्ही बठ्ठासनी दखं."

सरकारी खोलीतली प्रत्येक वस्तू मोजून दिल्याशिवाय बाईंना मोकळं होता येत नाही, हे गावाला नेमकं कुणी सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. मीच ते आदल्या महिन्यात पारावर सहज बोललो होतो. बाईंनी गावभर कात्री शोधली. सगळ्या घरांनी दारं सताड उघडली. बायकांनी हंडे उपडे केले, गोधड्या झटकल्या, चहा केला. बाईंना वर कळवणं भाग होतं. मी लिहून दिलं, 'सदर कात्री सटवाईने नेली असे ग्रामस्थांचे म्हणणे आहे.' उलट टपाली उत्तर आलं, 'सटवाई हिचा पूर्ण पत्ता व जबाब पाठवावा.' बाई ते वाचून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसलो, पण बेतानं, कारण सकाळीच दळणाला बाजरी काढताना कोठीत माझ्या हाताला काहीतरी टोचलं होतं. फडक्यात गुंडाळलेली कात्री आमच्याच कोठीत होती.

मी आमच्या मंडळींकडे पाहिलं. ती तेव्हा आठवा संपवून नवव्यात लागली होती. तिनं नजर चुकवली नाही. "माझं होऊ दे," एवढंच म्हणाली, "मग पाया पडून परत देईन." आमचं पहिलं मूल धरणगावला आठव्या दिवशी दातखीळ बसून गेलं होतं. मुलगा होता. त्यावर आम्ही दोघं कधी बोलत नसू. मी वर्गात मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवणारा मास्तर, पण मी कात्री पुन्हा बाजरीत खुपसली आणि झाकण लावलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाई हिला तपासायला पूर्वी आठवड्यातून एकदा येत, त्या आता दिवसातून तीनदा येऊ लागल्या. त्यांना संशय आला असणार या भीतीनं त्यांची चाहूल लागली की मी जाऊन कोठीला टेकून उभा राही. "मास्तर, पाठ दुखते का?" त्या विचारायच्या. मी हो म्हणायचो. त्यांनी पाठीला लावायला तेल दिलं, तेही मी घेतलं. हिचं मीठ त्यांनी बंद केलं, पाय दाबून दाबून बघायच्या, डोकं दुखतं का विचारायच्या आणि निघून जायच्या. मुदत संपायला दोन दिवस उरले असताना तालुक्याहून कारकून मोजदादीला आला. काटा, पातेलं, स्टोव्ह, तसराळं, सगळं जागेवर, कात्री नाही. कारकून भला माणूस होता. म्हणाला, "बाई, कात्रीची काय किंमत असते? भरून टाका आणि उद्याच्या गाडीनं सोनगीर गाठा." माझा जीव भांड्यात पडला. पण बाई ताठ उभ्या राहिल्या. "भरणार नाही. हरवलीच नाही, तर किंमत कशाची भरू? सापडेपर्यंत मी हलणार नाही." कारकुनानं समजावलं, मी समजावलं. बाई कुणाचं ऐकेनात. कारकून कागद गुंडाळून गेला, मुदत टळली आणि सोनगीरला दुसऱ्या बाई हजर झाल्या. त्या दिवशी मी मनात म्हणालो की, या बाईइतकी नियमाला चिकटलेली हट्टी बाई उभ्या खानदेशात नसेल.

पुढं बारा-तेरा दिवसांनी, भर दुपारी शाळा चालू असताना, भिंतीवरून बाईंचा आवाज आला, "मास्तर, मुलांना सोडा आणि इकडे या." मी धावत घरात गेलो. मथरामाय हिच्या उशाशी बसली होती. बाईंनी बाह्या वर केल्या होत्या, स्टोव्ह पेटला होता. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "कोठीतून ती कात्री काढा. आणि आधी हात धुवा."

मी कोठीजवळ खिळून उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "आख्ख्या गावानं मला घरं उघडून दाखवली. तुमचंच दार तेवढं लोटलेलं होतं. काढा लवकर, उकळायला वेळ लागतो."

दोन तास फार वाईट गेले. हिला मध्येच अंधारी आली, हातपाय ताठायला लागले, आणि बाईंचा चेहरा मी तोवर कधी पाहिला नव्हता तसा झाला. दारात बैल जुंपून दमणी उभी होती, पुढं धुळ्याचा दवाखाना गाठण्यासाठी शेठजींनी आपल्या मोटारीची सोय केली होती. हे सारं बाईंनी आठ दिवस आधीपासून ठरवून ठेवलं होतं आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. पण गाडीची गरज पडली नाही. मथरामायच्या ओठांवर या वेळी लांबलचक ओवी होती. आमची मुलगी जन्मली, रडली आणि काट्यावर सवासहा पौंड भरली.

संध्याकाळी बाई ओट्यावर हात धूत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. क्षमा कशी मागतात ते मास्तरलाही शिकावं लागतं. मी म्हणालो, "बाई, तुमची बदली आमच्यामुळे गेली."

"तुमच्यामुळे कशी?" त्या म्हणाल्या. "पाय सुजले होते तिचे. डोकं दुखत होतं. असं बाळंतपण मथरामायवर टाकून मला सोनगीरला झोप लागली असती का? कात्री सापडली असती तर मला जावं लागलं असतं. म्हणून नाही सापडली." मग टॉवेलला हात पुसत म्हणाल्या, "मुलीला पत्र टाकलंय. पुढच्या वर्षी येते म्हणून."

पुढचं वर्ष यायला तीन वर्षं लागली. तेव्हा बाईंची बदली झाली ती थेट धुळ्यालाच. गावानं त्यांना दमणीतून वाजत गाजत शिंदखेड्याला पोचवलं, मथरामाय रस्ताभर रडली आणि या वेळी सटवाईनं काही नेलं नाही. पुढं माझीही बदली झाली. पत्रं होती, मग तीही विरळ झाली. दोन-तीन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी आम्ही तिघं धुळ्याला गेलो, तेव्हा पत्ता विचारत विचारत बाईंच्या घरी पोचलो. बाई थकल्या होत्या, केस पांढरे झाले होते, पण आम्हाला पाहून त्यांनी जो आरडाओरडा केला त्यानं शेजारचे बाहेर आले. त्यांची आईही तिथंच होती, अगदी वाकलेली, कोपऱ्यात वाती वळत बसलेली. आणि मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. शांत, गोड, नीटस मुलगी. तिनं आम्हाला नमस्कार केला आणि बाईंना म्हणाली, "बाई, तुम्ही बसा बोलत, चहा मी टाकते." मला वाटलं, परक्यांसमोर थट्टेनं म्हणत असेल.

बाई हिचा हात हातात घेऊन जुन्या गोष्टी काढत होत्या. एवढ्यात आतून मुलीची हाक आली, "आई, जरा ये ना गं, पाठीत चमक निघाली." कोपऱ्यातली म्हातारी वाती टाकून गुडघ्यांवर हात देत उठली आणि आत गेली. दोन भिंतींपलीकडून कण्हणं ऐकू येणाऱ्या आमच्या नर्सबाई जागच्या हलल्या नाहीत. ती हाक आपल्याला नाही हे त्यांच्या इतकं सवयीचं झालं होतं की बोलणंही मध्ये तुटलं नाही. क्षणभरानं, पाठीतली चमक म्हणजे काय ते लक्षात येऊन, त्या लगबगीनं आत गेल्या, पण ते नर्स म्हणून. हिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

परतीच्या गाडीत आमची मुलगी खिडकीशी बसली होती. ती फार बोलकी. दिसेल ते दाखवायला दर मिनिटाला "आई, आई" करत होती. एरवी तिच्या दहा हाकांना एखादी ओ देणारी तिची आई धुळ्यापासून धरणगावापर्यंत प्रत्येक हाकेला ओ देत राहिली.